फाटकाच्या अलीकडे

चि. भाच्यास,


परवा ताईचा फोन आला. हेवी लायसन्स हातात पडलं आणि जूनपासून शाळेची बस चालवायची आहे, हे सांगताना तिला शब्द सुचत नव्हते. मलाही फार आनंद झाला. बोलता बोलता तिने सांगितलं, की बसच्या रोजच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागतं. तेव्हापासून मनात जे घोळतंय, ते लिहितो.

फेब्रुवारी २००५ मध्ये नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली गेटमन नसलेल्या फाटकावर रेल्वेगाडीच्या तोंडी सापडली. पन्नासहून जास्त माणसं गेली. २४ जुलै २०१४ ला तेलंगणात मेदक जिल्ह्यातल्या मासाईपेटला नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेची बस उडवली. चालक गेला, क्लीनर गेला, आणि सकाळी आयांनी डबे भरून धाडलेली मुलं गेली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला अशाच अपघातात तेरा मुलं गेली. तिथल्या चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा सांगण्यात आलं.

इंजिनातल्या लोको पायलटच्या हातात अशा वेळी फारसं काही नसतं. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे सरकते आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला तिला किलोमीटरभर अंतरही लागू शकतं. रुळाकडेला ‘सी/फा’ लिहिलेली पाटी दिसते ना, ती शिटी वाजवण्याची खूण. शिटी वाजवायची, ब्रेक लावायचा, त्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. वळता तर येतच नाही. थांबू शकतो तो रस्त्यावरचा चालक, म्हणून कायदा आधी त्यालाच जाब विचारतो.

मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम प्रत्येक चालकाने एकदा तरी वाचावं. राखणदार नसलेल्या फाटकाशी चालकाने वाहन थांबवायचं. क्लीनरने किंवा सोबतच्या कुणी खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करायची आणि मग वाहन पलीकडे न्यायचं. सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. रेल्वे कायद्याच्या १६१ व्या कलमात अशा ठिकाणच्या निष्काळजीपणाला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि निष्काळजीपणा कशाला म्हणायचं तेही तिथेच सांगितलंय: गाडी येते का हे बघायला न थांबणं, किंवा गाडी दिसत असताना रूळ ओलांडणं. त्यात माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं १०६ वं कलम लागू शकतं. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता ती पाच वर्षांपर्यंत आहे.

ब्रॉडगेजवरची बिनराखणीची फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. तुझ्या वाटेवरच्या फाटकावरही गेटमन असेल. पण म्हणून निर्धास्त राहू नकोस. मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात बोदवडला पूल झाल्यामुळे बंद केलेल्या फाटकातून एका चालकाने पहाटे गव्हाचा ट्रक रुळावर घातला आणि मुंबई–अमरावती एक्सप्रेस त्यावर आदळली. जीवितहानी झाली नाही, हे केवढं नशीब! बंद फाटक स्वतःहून उघडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फाटक उघडं दिसलं तरी आधी थांबायचं. ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कडलूरजवळ गेटमन असलेलं फाटक उघडंच राहिलं आणि शाळेच्या व्हॅनमधली तीन मुलं गेली. गेटमनला अटक झाली, पण गेलेली मुलं गेलीच.

जबाबदारी कुणाची, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतो. १९७९ मध्ये केरळात गेटमन नसलेल्या फाटकावर एका बसला रेल्वेने धडक दिली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९९७ मध्ये. चालक चुकलाच होता, पण वर्दळीच्या जागी फाटक आणि माणूस न ठेवणारी रेल्वेही चुकली, असं न्यायालय म्हणालं. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. चालकाची चूक प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, त्यांची भरपाई त्यापायी कापता येत नाही. पुढे २००२ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की अशा अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे रेल्वेवरही दावा करता येतो. भरपाईचे पैसे विमा कंपनी भरेल, मालक भरेल, रेल्वेही भरेल. कैद मात्र चालकाच्या जागी दुसरं कुणी भोगत नाही.

फाटक आलं की गाणी बंद, काच खाली. पलीकडे अख्खी बस मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. रुळावर गिअर बदलायचा नाही. एक गाडी गेली तरी दुसऱ्या रुळावर बघायचं. बस रुळावर बंद पडलीच तर स्टार्टर मारत बसू नकोस. आधी मुलं उतरवून लांब न्यायची आणि लगेच गेटमनला सांगायचं, म्हणजे गाडी थांबवायची खटपट त्याला करता येईल.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी येतो. रिकामी बस घेऊन फाटकाशी जाऊ. मी मागच्या सीटवर बसतो, मुलं बसतात तिथे, आणि तिथून सगळ्यांना खाली उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू. क्लीनरलाही बोलावून ठेव.

तुझा,
मामा