घरातील संगणकाची राखीव प्रत : वडीलधाऱ्यांना झेपेल अशी व्यवस्था

संगणक हे आता केवळ कचेरीत किंवा बँकेत दिसणारे यंत्र राहिलेले नाही. गोव्यातील खेड्यापाड्यांतूनही अनेक घरांत ते स्थिरावले आहे. निवृत्त शिक्षकाने गावच्या देवस्थानाविषयी जमविलेल्या नोंदी, भजनी मंडळाच्या गायनाची ध्वनिमुद्रणे, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, घरपट्टीच्या पावत्या, परदेशी असलेल्या मुलाची पत्रे अशा वस्तू पूर्वी लाकडी पेटीत जपल्या जात. आज त्या या यंत्राच्या पोटात असतात. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. पेटीचे कुलूप मोडले तरी आतील कागद शाबूत राहतात. संगणकातील माहिती साठविणारी डिस्क बंद पडली, तर सर्व ऐवज एकाच क्षणी हातचा जातो. अशी माहिती परत मिळवून देणारे तंत्रज्ञ असतात. पण त्या कामास खर्च मोठा येतो आणि यशाची हमी कोणी देत नाही.

या संकटावर उपाय एकच, आणि तो म्हणजे वेळीच केलेली राखीव प्रत. व्यवहारात हिलाच 'बॅकअप' म्हणतात. पुष्कळ घरांत ही जबाबदारी शहरात नोकरीस असलेल्या पुतण्यावर किंवा भाचीवर येऊन पडते. गावी असलेल्या काकांच्या अथवा मावशीच्या संगणकासाठी त्यांनी कोणता मार्ग निवडावा, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रतींची जुनी रीत

महत्त्वाच्या लेखाची एकच प्रत ठेवू नये, हा विचार नवा नव्हे. गोव्याचे पुराभिलेखागार १५९५ साली स्थापन झाले. पोर्तुगीज अमदानीत गोवा आणि लिस्बन यांच्यामधील महत्त्वाची सरकारी पत्रे एकाहून अधिक प्रतींत लिहिली जात व त्या प्रती निरनिराळ्या जहाजांनी रवाना होत. एखादे जहाज वादळात बुडाले, तरी दुसऱ्या जहाजावरील प्रत मुक्कामी पोहोचावी, हा त्यामागील हेतू होता.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला 'तीन-दोन-एक' हा नियम याच शहाणपणाचे आजचे रूप होय. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व गोमंतकीयांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही. जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली आदी तालुक्यांत पुराचे पाणी घरांत शिरले होते. अशा वेळी संगणक आणि त्याची राखीव प्रत एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच भिजतात.

काय जपावयाचे?

सर्वच माहिती सारख्या मोलाची नसते. म्हणून प्रथम घरातील वडीलधाऱ्यांसमवेत बसून तिची दोन भागांत विभागणी करावी. जे पुन्हा मिळू शकते, ते एका बाजूस काढावे. संगणकातील प्रणाली नव्याने बसविता येते. जमिनीचा 'एक-चौदा'चा उतारा संबंधित खात्याकडून पुन्हा मिळतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकर या केंद्र शासनाच्या सेवेतून वाहन परवान्यासारखे अनेक दाखले पुन्हा उतरवून घेता येतात.

दुसऱ्या बाजूस राहते ते जगात अन्यत्र कोठेही नसलेले धन : स्वतः लिहिलेले, स्वतः टिपलेले आणि स्वतः ध्वनिमुद्रित केलेले. ते एकाच ठिकाणी, शक्यतो 'डॉक्युमेंट्स' व 'पिक्चर्स' या मूळच्याच फोल्डरांत, आणून ठेवावे. एवढ्याने अर्धे काम सोपे होते.

माणूस पाहून मार्ग निवडावा

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावयास हवी. तरुण नातेवाईक स्वतःला आवडणारी व्यवस्था निवडतो आणि ती काकांच्या गळ्यात घालतो. दर रविवारी पेन ड्राइव्ह लावून फोल्डर उचलून ठेवावे, असे तो सांगून जातो. दोन रविवार ते घडते. तिसऱ्या रविवारी देवळात उत्सव असतो, चौथ्या रविवारी पाहुणे येतात आणि पुढे तो क्रम सुटतो. यात वडीलधाऱ्यांचा दोष नसतो. जी व्यवस्था माणसाच्या आठवणीवर विसंबून असते, ती केव्हातरी चुकणारच. म्हणून ज्याला ती रोज वापरावयाची आहे, त्याने काहीही न करता चालणारी व्यवस्था हीच उत्तम व्यवस्था समजावी.

उपलब्ध मार्ग

पेन ड्राइव्ह स्वस्त व सुटसुटीत असतो. पण तो हरवतो, आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास त्यातील माहिती टिकेलच असे नाही. कागदपत्रे या घरातून त्या घरात नेण्यास तो ठीक; एकमेव राखीव प्रत म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये.

बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क हा घरासाठी सर्वांत सोपा मार्ग आहे. एक टेराबाइट क्षमतेच्या डिस्कवर, प्रत्येकी चार मेगाबाइटची धरल्यास, सुमारे अडीच लाख छायाचित्रे मावतात. विंडोज प्रणालीत 'फाइल हिस्टरी' ही सोय आहे. ती एकदा चालू केली, की डिस्क जोडलेली असेतोवर दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत आपोआप होते व जुन्या प्रतीही राहतात. चुकून खोडलेला मजकूर त्यामुळे परत मिळतो. ॲपलच्या संगणकांत २००७ पासून असलेली 'टाइम मशीन' ही सोयही याच जातीची आहे.

इंटरनेटवरील साठा, ज्यास 'क्लाउड' म्हणतात, तो घराबाहेरच्या प्रतीची गरज सहज भागवितो. गूगलच्या खात्यावर १५ गिगाबाइट, तर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ गिगाबाइट जागा विनामूल्य मिळते. मात्र या सेवांचा नेहमीचा प्रकार दोन ठिकाणे सारखी ठेवण्याचा असतो. संगणकातील फाइल पुसली, तर तिकडचीही पुसली जाते, आणि कचरापेटीतील मुदत संपल्यावर ती कायमची जाते. दोन्ही सेवांत वैयक्तिक खात्यांसाठी ही मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. शिवाय गावातील जोडणीचा वेगही पाहावा लागतो. पाठविण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर ५० गिगाबाइट माहिती जाण्यास अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून लिहिलेले कागद व निवडक छायाचित्रे एवढेच क्लाउडवर ठेवावे आणि मोठा संग्रह डिस्कवर ठेवावा.

सर्वसाधारण घरासाठी एक व्यवस्था

वरील विचारांवरून पुढील व्यवस्था बहुतेक घरांना पुरी पडेल. हार्ड डिस्का दोन घ्याव्यात. पहिली काकांच्या संगणकाला जोडून ठेवावी आणि तिच्यावर दर तासाची आपोआप होणारी प्रत चालू करावी. दुसऱ्या डिस्कवर तोच सर्व संग्रह उतरवून ती पुतण्याने आपल्या घरी न्यावी. चतुर्थीला कुटुंब गावी जमतेच; त्या वेळी ती आणून अद्ययावत करावी व परत न्यावी. शक्य झाल्यास शिमग्यालाही हेच करावे. दोन सणांच्या दरम्यान नव्याने लिहिलेले कागद क्लाउडवर सुरक्षित राहतात.

दुसरी डिस्क कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. सदैव जोडलेली डिस्क सोयीची असली, तरी संगणकावर येणारे संकट तिच्यावरही येते. विजेचा दाब एकाएकी वाढला, तर दोन्ही यंत्रे एकदम निकामी होऊ शकतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या. असे प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या डिस्काही सोडत नाहीत. दूर ठेवलेली, कोठेही न जोडलेली डिस्क मात्र त्यांच्या हाती लागत नाही. डिस्क हवाबंद डब्यात, दमट भिंतीपासून दूर ठेवावी.

खाते आणि परवलीचा शब्द

क्लाउडचे खाते ज्यांची माहिती आहे त्यांच्याच नावे असावे, पुतण्याच्या नावे नव्हे. त्यातील पत्रे व छायाचित्रे त्यांची खाजगी असतात. ती कोणी पाहावी हे त्यांनीच ठरवावयाचे आहे. परवलीचा शब्द त्यांच्या हस्ताक्षरात एका वहीत लिहून वही घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी व विश्वासातील एका व्यक्तीस तिची जागा ठाऊक असावी. दोन वर्षे मुळीच न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आहे. यास्तव खाते अधूनमधून उघडणे अगत्याचे आहे.

प्रतीची परीक्षा

प्रत झाली असे समजणे आणि प्रत खरोखर असणे, यांत पुष्कळ अंतर असते. डिस्क भरून गेलेली असते, तिची तार सैल झालेली असते, किंवा सोय बंद पडल्याची सूचना कोणी वाचलेलीच नसते. म्हणून प्रत्येक भेटीत पाच मिनिटे काढून डिस्कवरील एखादे छायाचित्र व एखादा लेख उघडून पाहावा. वर्षातून एकदा दुसऱ्याच संगणकाला डिस्क जोडून ही परीक्षा घ्यावी. कारण मूळ संगणक बंद पडेल त्या दिवशी नेमके हेच करावे लागणार आहे.

अनेक घरांतील संगणक आजही विंडोज १० वर चालतात. त्या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. असा संगणक बदलण्याचा किंवा त्यात नवी प्रणाली बसविण्याचा बेत असेल, तर राखीव प्रत तपासून घेतल्यावाचून त्यास हात लावू नये.

गावच्या देवस्थानाच्या नोंदी किंवा भजनाची ध्वनिमुद्रणे गेली, तर ती हानी एका घराची नसते; गावाच्या आठवणीतील एक भाग तिच्याबरोबर जातो. शाळांतील शिक्षकांनी आणि पंचायतीच्या सचिवांनी आपल्या परिसरातील अशा संग्रहांची विचारपूस करावी व घरातील तरुणांना येत्या सणाच्या सुटीतील एक सकाळ या कामासाठी राखून ठेवण्यास सांगावे.