दिवा पेटलाच नाही

पेट्रोलचा दिवा पेटला नाही, काटाही पाव टाकीवरच होता, आणि मोटरसायकल बोथ्याच्या जंगलात बंद पडली. बुलढाणा-खामगाव रस्ता इथे ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. बिबटे आणि अस्वलं इथली नेहमीचीच. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला ‘वॉकर’ वाघही इथेच मुक्कामाला होता. या पट्ट्यात पंप नाही. त्यात दिवस मावळत आलेला. मागून येणाऱ्या एका दूधवाल्या भाऊंनी टोचन करून बाहेर काढलं, म्हणून निभावलं.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असायचा. गाडी गचके खायला लागली की रिझर्व्हला लावायची आणि पंप गाठायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि बहुतेक गाड्यांचा तो कॉक गेला. आता सगळी भिस्त काटा आणि दिव्यावर. शिवाय या गाड्यांचा पंप सहसा टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो; कोरडा फिरला तर खराब होतो. म्हणून काट्या-दिव्याचा बिघाड ‘बघू नंतर’ म्हणून सोडू नका.

माझी गाडी दाखवली तेव्हा एका गॅरेजात सांगितलं, ‘मीटर गेलं, अख्खं बदलावं लागेल.’ मी दुसऱ्या, जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गाडी मेन स्टँडवर घेतली, कारण साइड स्टँडवर पेट्रोल एका अंगाला जातं आणि काटा खोटं दाखवतो. मग टाकीखालचा दोन वायरचा कपलर काढला. चावी चालू ठेवून मीटरकडच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या, तसा काटा सरकन दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे मीटर आणि वायरिंग ठणठणीत, दोष टाकीत. (डिजिटल मीटरच्या गाडीत वायर जोडायच्या भानगडीत पडू नका, ते काम माहितगारावर सोडा.)

टाकीतला, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट बाहेर काढल्यावर उलगडा झाला. त्याची दांडी किंचित वाकली होती आणि खाली येताना पाव टाकीच्या जागी अडकत होती. खाली पेट्रोल संपत होतं आणि मीटरला ते कळतच नव्हतं. दांडी सरळ केली, मल्टिमीटर लावून फ्लोट वर-खाली केला. आकडा न अडखळता बदलत गेला. नवीन मीटरची गरजच नव्हती.

टाकी भरलेली असूनही दिवा जळतच राहिला, तर फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल, किंवा कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील. पिना आधी साफ करा, ते फुकटात होतं. काही गाड्यांत दिव्यासाठी फ्लोट नसतो, थर्मिस्टरचा बारीक मणी असतो. पेट्रोलात बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो. उघडा पडला की तापतो, करंट जाऊ देतो आणि दिवा हळूहळू उजळतो. असा दिवा तपासताना लगेच निकाल लावू नका, थोडं थांबा. राजूर घाट उतरताना दिवा लुकलुकला तर तो बहुधा बिघाड नसतो. उतारावर पेट्रोल पुढे सरकतं.

टाकी उघडायची तर मोकळ्या जागेत, बॅटरीची वायर काढून. जवळपास बिडी नको की चूल नको. फ्लोट परत बसवताना रबरी वायसर नवीनच टाका. जुना दबलेला असतो, त्यातून पेट्रोल झिरपून थेट गरम इंजिनावर पडतं.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रिपमीटरवर भरवसा ठेवा. टाकी फुल्ल करून ट्रिप शून्यावर आणा. दहा लिटरची टाकी आणि पंचेचाळीसचं ॲव्हरेज असेल तर हिशोबाला आठच लिटर धरा, म्हणजे ३६०. घाटाचा रस्ता असेल तर ३०० लाच पंप बघा.

आणि दुरुस्तीनंतर मिस्त्रींच्या समोरच रिकाम्या टाकीत मापानं अर्धा-अर्धा लिटर पेट्रोल ओता. प्रत्येक वेळी थोडं थांबून, दिवा किती लिटरला विझतो ते बघा. तो आकडा चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. घरातलं दुसरं कुणी गाडी नेणार असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.