आयनांबरातील विद्युत्भारित कण आणि उपग्रहांची गती

वाशीमचे आकाशाशी नाते जुने आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेखेवर जी स्थाने सांगितली, त्यांत वत्सगुल्माची, म्हणजेच वाशीमची, गणना होते. विदर्भाच्या याच आकाशात २ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी जळते पट्टे दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे कोसळले. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. अवकाशात गेलेली वस्तू वर्षभराने खाली का यावी?

विरळ हवेचा रोध

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ असते. पण नसतेच असे नाही. तेथे उपग्रह सेकंदास साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतो. वाटेतील अणूंवर तो सतत आदळतो, त्याची ऊर्जा खर्ची पडते आणि कक्षा हळूहळू खाली उतरते.

भारित कणांचे कार्य

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे तेथील अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आयनांबर निर्माण होते. सौर वादळाच्या वेळी सूर्याकडून आलेले विद्युत्भारित कण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतात. ध्रुवीय प्रदेशांवरील आयनांबरात प्रबळ विद्युत्प्रवाह वाहू लागतात. शेगडीची तार विजेने तापावी तशी हवा तापते, फुगते आणि वर चढते. भारित कणांचा स्वतःचा रोध अल्पच असतो. मुख्य रोध होतो तो त्यांनी तापविलेल्या हवेचा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे ४० उपग्रह अशाच वादळामुळे नष्ट झाले. सौरक्रिया अपेक्षेहून तीव्र झाल्याने ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळाही ११ जुलै १९७९ रोजी, अंदाजापेक्षा लवकर, कोसळली होती.

ग्रामपातळीवरील दक्षता

असे अवशेष वस्तीत पडण्याची शक्यता फार थोडी असते. तथापि त्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. म्हणून अशी वस्तू आढळल्यास तिला हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे आणि पोलीस ठाणे व तहसील कार्यालय यांस त्वरित कळवावे. शिक्षकांनी यामागील कारण वर्गात समजावून दिल्यास अफवांना वाव राहणार नाही.