माडावर चढायचं शिकताना : आधी जमीन, मग उंची



नारळ तयार आहेत, पण पाडायला माणूस मिळत नाही. कोकणात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. केरळातही हेच झालं. पूर्वी बापाचं बघून मुलगा शिकायचा. पण पडून कंबर मोडली तर अख्खं घर बसायचं, म्हणून पुढची पोरं या कामाला येईनात. मग २०११ साली नारळ विकास मंडळाने तिथे 'नारळवृक्षाचे मित्र' हे सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यात बायकाही शिकल्या. मग आपल्याला का जमू नये?

यंत्र समजून घ्या. यंत्राचे दोन भाग असतात, एक डाव्या पायाचा, एक उजव्या. प्रत्येकाची तार खोडाभोवती अडकवतात. वजन पडलं की तार आवळते, पाय उचलला की सैल होते. एका पायावर उभं राहायचं, दुसरा भाग वर सरकवायचा. खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत, झाडाला इजा होत नाही.

घाई करू नका. आधी हातभर उंचीवरच चढ-उतर करा. उतरणं नीट जमल्याशिवाय वर जायचं नाही. भीती वाटली तर लाजू नका, खाली या. सुरक्षा पट्टा पहिल्या दिवसापासून बांधायचा, सवय झाली म्हणून सोडायचा नाही. साडीऐवजी पँट-शर्ट घाला. ओल्या, शेवाळलेल्या खोडावर चढू नका. वर गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, ते आधी खालून बघा. झाडाखाली कुणाला उभं राहू देऊ नका.

वर गेल्यावरचं कामही शिका. सर्वांत खालचा घड सर्वांत जुना. नारळ हलवून पाणी वाजतं का बघा. सुकलेल्या झावळ्या काढा, शेंडा साफ करा. कोवळ्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर गेंड्या भुंगा लागला आहे असं समजा आणि मालकाला सांगा. नुसतं नारळ पाडणारीपेक्षा झाडाची निगा राखणारीला जास्त बोलावणं येतं.

विमा आधी, मजुरी नंतर. माड चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' ही अपघात विमा योजना आहे. हप्त्यात मंडळाचाही वाटा असतो. आजचा हप्ता आणि भरपाई किती, ते कृषी कार्यालयात विचारून घ्या. विमा नसेल तर माडाला हात लावू नका. एका पडण्यात गटाची सगळी बचत दवाखान्यात जाते.

पुढच्या बैठकीत बोला :
१. आपल्या वाडीत किती माड आहेत? पाडायला कोण येतं, दर काय घेतं?
२. प्रशिक्षणाला जायला कोण दोघी तयार आहेत? एकटीने चढायचं नाही, खाली दुसरी हवीच.
३. यंत्र आणि पट्टा गटाच्या पैशातून घेतला, तर भाडं किती ठेवायचं?

उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. ठरलं की लगेच नावं द्या.