आंबा भाजू नये म्हणून किती खर्च करावा?

भिवंडी तालुक्यातल्या राहनाळमधल्या आमच्या घरामागे आंब्याची सात झाडे आहेत. पाच कलमे आणि दोन जुने रायवळ. पश्चिमेला पूर्वी भातशेती होती, आता तिथे गोदामाची पत्र्याची भिंत उभी आहे. एप्रिलमध्ये दुपारी अडीचच्या सुमारास त्या भिंतीसमोर उभे राहिले की तापलेल्या तव्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटते. त्या बाजूच्या आंब्याला हाताची मागची बाजू टेकवली तर झटकन मागे घ्यावी लागते, आणि त्याच झाडाच्या पूर्वेकडचा, पानांआडचा आंबा मात्र कोमट असतो. झाड एकच, पाणीही एकच, पण एका बाजूची फळे पेटीत जातात आणि दुसऱ्या बाजूची टोपलीत उरतात.

भाजलेले फळ ओळखणे अवघड नाही. आधी सालीवर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट पिवळसर चट्टा येतो. आठवडाभरात तो तपकिरी होतो, साल चामड्यासारखी कडक होते, कधी मधोमध तडकते. कापले की चट्ट्याखालचा गर घट्ट आणि बेचव लागतो. एकदा चट्टा पडला की कोणतेही औषध तो घालवत नाही. म्हणून चट्टा दिसल्यावर कोणी फवारणी विकायला आले तर सरळ नाही म्हणा. जो काही खर्च करायचा तो चट्टा पडायच्या आधी.

फळ भाजण्यावर सर्वात बारकाईने काम झाले आहे ते सफरचंदावर. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी मोजून दाखवले की फळाच्या सालीचे तापमान ४६ ते ४९ अंशांवर गेले की सफरचंदावर तपकिरी डाग पडतो, आणि ५२ अंशांवर तर साल मरते. उन्हातल्या फळाची साल हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी सहज जास्त तापते. म्हणजे हवामान खात्याचा आकडा ३८ असला तरी फळाच्या अंगावर पन्नाशी आलेली असू शकते. आंब्याचे, डाळिंबाचे, द्राक्षाचे आकडे हुबेहूब हेच नाहीत, पण घडते ते असेच. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातल्या सरासरी कमाल तापमानाने सर्वात तापलेला मार्च २०२२ चा होता, आणि मार्चमध्येच हापूस कोवळा असतो.

आता पैशांकडे वळू. खाली जिथे मी भाव ‘धरला’ आहे, तिथे तो हिशेब समजावा म्हणून धरलेला आहे. त्या जागी तुमच्या बाजारातला भाव घालून गणित पुन्हा करा.

सर्वात आधी पाणी आणि पेंढा, कारण यांच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला असा आहे की फळ वाटाण्याएवढे असल्यापासून प्रत्येक कलमाला १५ दिवसांच्या अंतराने ३ ते ४ वेळा १५० ते २०० लिटर पाणी द्यावे आणि आळ्यात आच्छादन करावे. पाच कलमांना एका पाळीला जास्तीत जास्त १,००० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पाच पिंप. विहीर किंवा बोअर असेल तर खर्च फक्त विजेचा. टँकर घ्यावा लागत असेल तर एक चूक टाळा: चार पाळ्यांचे पाणी एकदम मागवू नका. साठवायला टाकी नसेल तर उरलेले पाणी जमिनीत जिरून जाते आणि पंधरा दिवसांनी झाड पुन्हा कोरडेच. शेजारच्या दोन-तीन वाड्यांनी मिळून एक टँकर वाटून घेतला तर पाळीही सांभाळली जाते आणि पैसेही.

भाताचा पेंढा भिवंडी तालुक्यात अजून मिळतो. गोठा असलेल्या कुणाकडे शब्द टाकला की दोन-चार भारे सहज येतात. आळ्यात चांगला वीतभर जाड थर द्या, पण खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते. हे आच्छादन केवळ ओल टिकवत नाही. हापूसमधला साका, म्हणजे वरून सुंदर दिसणाऱ्या फळाच्या आतला तो पांढरट, स्पंजासारखा भाग, जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने वाढतो. खालच्या फांद्यांची फळे जमिनीच्या जितकी जवळ, तितका धोका जास्त. तिथे पेंढ्याइतके काम महागडी जाळीसुद्धा करत नाही. प्लास्टिकचे आच्छादनही चालते, पण पाच-सात झाडांच्या वाडीला माझे मत पेंढ्यालाच.

त्यानंतर कागदी पिशवी. थोडी झाडे असणाऱ्याने पैसे घालायचे ठिकाण हेच. विद्यापीठाने हापूससाठी वर्तमानपत्राच्या २५ बाय २० सेंटीमीटरच्या पिशव्या सांगितल्या आहेत, आणि त्या फळ गोटी ते अंड्याएवढे असताना चढवायच्या. पिशवी उन्हाचा थेट मारा अडवते, फळमाशीला रोखते आणि साकाही कमी करते. एका पैशात तीन कामे.

तयार पिशवी नगाला २ रुपये ५० पैसे धरू. खरा खर्च मात्र मजुरीचा आहे. एक माणूस शिडीवर, एक खाली; दोघांची हजेरी ६०० प्रमाणे १,२०० रुपये, आणि जोडीने दिवसभरात ५०० पिशव्या बांधल्या असे धरले तर फळामागे २ रुपये ४० पैसे. म्हणजे बांधलेली पिशवी पाच रुपयांना पडते. घरी वर्तमानपत्राच्या शिवल्या तर पिशवीचे पैसे जवळजवळ वाचतात, मजुरीचे वाचत नाहीत. उंच रायवळावर जोडी दिवसाला दोनशेच बांधेल आणि फळामागे मजुरीच सहा रुपये होईल. रायवळाच्या फळाला तेवढा भाव येत नाही, शिवाय पडायची भीती वेगळी. म्हणून आमच्या दोन रायवळांना मी पिशवी लावत नाही.

पाच रुपये वसूल होतात का? चांगला हापूस डझनाला ५०० धरला तर एक फळ सुमारे साडेएक्केचाळीस रुपयांचे. भाजलेले फळ कॅनिंगला किंवा लोणच्याला गेले आणि पाव किलोच्या फळाला साडेसात रुपये आले, तर एका चट्ट्याने ३४ रुपये नेले. शंभर पिशव्यांचा खर्च ५००. शंभरातली १५ फळे वाचली की पैसे फिटले. पूर्वेकडच्या, पानांआडच्या फळांत शंभराला पंधरा भाजत नाहीत, पश्चिमेकडच्या उघड्या फळांत भाजतात. म्हणून हात आखडता घ्यायचा असेल तर सगळे झाड बांधू नका. झाडावर दीडशे फळे असतील तर पश्चिम आणि नैऋत्येची, बाहेरच्या घेराची पन्नास आधी बांधा. पाच कलमांना २५० पिशव्या, १,२५० रुपये. सरसकट ७५० बांधल्या तर ३,७५०. ज्यांना फळमाशीचा त्रास आहे त्यांनी सरसकट बांधावे, बाकीच्यांनी उन्हाची बाजू.

हिरव्या जाळीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लोक सर्वात जास्त फसतात ते इथे. भिवंडी कापडाचे गाव. दर चौरस मीटरला कापडाचा भाव ऐकला की ‘एवढेच?’ असे वाटते. पण जाळी हवेत तरंगत नाही. केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतच फरक दिसतो: गारपीट किंवा पक्ष्यांपासून बचावाच्या नुसत्या जाळीचा खर्च चौरस मीटरला ३५ रुपये धरला होता, आणि लोखंडी पाइपांच्या सांगाड्यासह शेडनेटगृहाचा ७१०. वीसपट. एका गुंठ्याला जाळी साडेतीन हजारांची, तर सांगाड्यासह सुमारे बहात्तर हजारांची. शेडनेटगृह भाजीपाल्यासाठी असते, आंब्यासाठी कोणी ते बांधू नये. पण पैसा कापडात नसून खांबांत जातो हे त्यातून स्पष्ट होते. ते आकडे आता जुने आहेत आणि २०२५ मध्ये सूचना सुधारल्या गेल्या, म्हणून अनुदानाच्या अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात चालू दर विचारा. आणि महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक रुपयाची खरेदी करू नका. आधीच्या तारखेचे बिल अनुदानाला चालत नाही.

घरच्या झाडाला सांगाडा लागत नाही. झाडावर छप्पर घालायचे नाही, पश्चिमेला पडदा लावायचा. चार बाय चार मीटरची जाळी म्हणजे १६ चौरस मीटर, ३५ ने ५६० रुपये. चार बांबू, सुतळी आणि अर्ध्या दिवसाची मजुरी धरून एका झाडाला १,२०० ते १,५०० रुपये. जाळी फांद्यांना टेकू देऊ नका, वाऱ्याने घासून फळाला वेगळाच डाग पडतो. गोदामाच्या भिंतीची झळ ज्या झाडाला लागते त्याला हा पडदा फार उपयोगी पडतो, आणि जाळी नीट घडी करून सावलीत ठेवली तर पुढची वर्षे फक्त बांधायचा खर्च.

घेताना ५० टक्क्यांपेक्षा दाट सावलीची जाळी नको. दुकानदार ७५ किंवा ९० ची ‘जास्त चांगली’ म्हणून पुढे करतो. ती वाहनतळाला चांगली, झाडाला नाही. अतिनील किरणांना टिकणारी आहे असे बिलावर लिहून घ्या. आणि वजन करा. तीन मीटर रुंद, पन्नास मीटर लांब गठ्ठा म्हणजे १५० चौरस मीटर. चौरस मीटरला १०० ग्रॅम सांगितले असेल तर काट्यावर १५ किलो भरायलाच हवे. बारा भरले तर जाळी पातळ आहे, भाव तसाच पाडून मागा. ऑनलाइन मागवली तरी घरी आल्यावर आधी काटा, मग पावती.

राहनाळच्या गोदामांत आणि भिवंडीच्या मागांवर काम करणाऱ्या कितीतरी जणांची डाळिंबाची बाग सोलापूर-सांगोल्याकडे आहे. त्यांच्यासाठी केओलीन, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीची फवारणी. फळावर पांढरा थर बसतो आणि ऊन परत फिरते. पहिली फवारणी लिटरला ५० ग्रॅम, पुढच्या १५ दिवसांच्या अंतराने २५ ग्रॅम. साडेचार बाय तीन मीटरवर एकरात सुमारे ३०० झाडे बसतात. झाडाला दोन लिटर धरले तर ६०० लिटर पाणी, पहिल्यांदा ३० किलो आणि नंतर प्रत्येक वेळी १५ किलो. तीन फवारण्यांना ६० किलो, किलोला ६० रुपये धरून ३,६००. फवारणीची मजुरी आणि डिझेल वेळेला १,५०० धरले तर एकूण ८,१००, म्हणजे झाडाला २७ रुपये. केओलीनचा भाव कंपनीप्रमाणे खूप बदलतो, चार दुकाने फिरा. घरच्या हापूसला मात्र हे नको. काढल्यावर प्रत्येक फळ धुवायचे काम वाढते आणि ऊन अडवायचे काम पिशवी आधीच करते.

सफरचंदाबद्दलही विचारणा होते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारा एचआरएमएन-९९ हा वाण तयार केला, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याची रोपे आपल्याकडेही विकली जातात. पण फळ भरते ते नेमके एप्रिल-मेच्या उन्हात. हौस म्हणून एक-दोन झाडे लावा, प्रत्येक फळाला पिशवी घाला, जाळीचा मोठा खर्च करू नका. विक्रीसाठी बाग लावायची असेल तर रोप विकणाऱ्याला विचारण्याआधी आपल्याच पट्ट्यात तीन उन्हाळे फळ घेतलेला शेतकरी शोधा.

हवामानावर आधारित फळपीक विमा आंब्याला ठाणे जिल्ह्यातही मिळतो आणि जादा तापमान हा त्यातला एक धोका आहे. भरपाई मात्र तुमच्या फळावरचा चट्टा पाहून मिळत नाही, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद पाहून मिळते. पश्चिमेच्या भिंतीची झळ त्या केंद्राला लागत नाही. म्हणून विमा असला तरी पिशव्या बांधाव्याच लागतात.

काढणीला पैसे लागत नाहीत, वेळ पाळावी लागते. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा चारनंतर, झेल्याने, देठासह काढा आणि काढलेला आंबा लगेच सावलीत न्या. दुपारच्या उन्हात तासभर पडलेल्या ढिगात साका वाढतो, मग त्या फळावर खर्च केलेले पाच रुपयेही गेले. आणि पिशव्यांची मागणी फेब्रुवारीतच नोंदवा. फळ अंड्याएवढे झाल्यावर दुकानात गेलात तर तोवर सगळी वाडीवाली मंडळी तिथे उभी असतात.