बहिरेपणाची वेळीच पारख

तान्ह्या मुलाला ऐकू येते की नाही, हे पाहण्याची एक घरगुती रीत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मुलाच्या पाठीमागे उभे राहून ताटली वाजवावयाची. मूल दचकले किंवा त्याने मान वळविली, की वडीलधारी माणसे निश्चिंत होतात. पुढे दोन वर्षांचे होऊनही मूल बोलत नाही, तेव्हा ‘याचा बापही उशिराच बोलू लागला होता’ असे सांगून आईची समजूत घातली जाते. या समजुतीत जो काळ निघून जातो, तो मात्र भरून काढणे फार कठीण असते.

ताटलीची ही परीक्षा फसवी आहे. आवाजाची पातळी डेसिबल या परिमाणात मोजतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबल, तर साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल भरते. कानाजवळ वाजविलेली ताटली याहून पुष्कळच मोठी असते. आईचे बोलणे ज्याच्यापर्यंत पोचत नाही, अशा मुलालाही तो दणका जाणवू शकतो. शिवाय भिंतीवर हललेली सावली, जमिनीचा कंप, टाळीसरशी अंगावर येणारी हवेची झुळूक अशा खुणा ही मुले चटकन टिपतात.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बहिरेपण म्हणजे सर्व आवाज बंद होणे, असे क्वचितच असते. पुष्कळ मुलांना खालच्या पट्टीतील आवाज ऐकू येतात, वरच्या पट्टीतील येत नाहीत. स्वर आणि म, न यांसारखी व्यंजने खालच्या पट्टीत बऱ्यापैकी ऐकू येतात. स, त, क यांचे वेगळेपण मात्र वरच्या पट्टीतील ध्वनींवर अवलंबून असते. अशा मुलाच्या कानी ‘साप’, ‘ताप’ आणि ‘काप’ हे शब्द जवळजवळ सारखेच पडतात. हाक मारली की ते वळून पाहते, म्हणून ‘ऐकू येते, पण हट्टी आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. शाळेत गेल्यावर त्याला ‘मंद’ ठरविण्यास फार वेळ लागत नाही.

जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता हे त्यांतील मोठे कारण होय. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या जवळच्या नात्यातील संबंधांमुळे हा धोका वाढतो. गरोदरपणी मातेस झालेला रुबेला, बाळाचे अत्यल्प वजन, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधे यांमुळेही आंतरकर्णास इजा संभवते. कान फुटणे किंवा मळ साचणे यांमुळे आलेला बहिरेपणा निराळा. तो पुष्कळदा उपचारांनी बरा होतो. मात्र फुटलेल्या कानात कोमट तेल सोडण्याची जुनी सवय हा उपचार नसून अपाय आहे.

आज बाळ काही दिवसांचे असतानाच त्याची श्रवणचाचणी होऊ शकते. निरोगी आंतरकर्णातील केसपेशी आवाज ग्रहण करताना स्वतःही अतिशय क्षीण प्रतिध्वनी निर्माण करतात, हे १९७८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले. बाळ झोपले असता त्याच्या कानात मऊ टोकाची लहान नळी बसवून हा प्रतिध्वनी टिपतात. बाळाला वेदना होत नाही, व सर्व काम काही मिनिटांत आटोपते. या चाचणीत बाळ अनुत्तीर्ण झाले म्हणजे ते बहिरेच आहे, असे नव्हे. जन्मानंतर कानात राहिलेल्या द्रवामुळेही असे घडते. म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. उलटपक्षी, दोष श्रवणमज्जेत असेल तर ही चाचणी तो दाखवू शकत नाही. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांसाठी म्हणून ‘बेरा’ ही चाचणी आवश्यक मानतात. तीत कपाळावर व कानांमागे विद्युतग्राहक चिकटवून आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो की नाही, हे पाहिले जाते.

साधारण तीन वर्षांच्या मुलाची चाचणी खेळातूनच घेता येते: आवाज ऐकू आला की मणी डब्यात टाकावयाचा. यातून तयार होणाऱ्या आलेखात उजवा कान लाल वर्तुळाने, तर डावा निळ्या फुलीने दर्शवितात. हा आलेख पालकांनी जपून ठेवावा. श्रवणयंत्राची निवड त्यावरूनच होते.

पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, असा क्रम तज्ज्ञांनी मान्य केलेला आहे. ही घाई अनाठायी नाही. ‘मुक्या’ म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक कर्णबधिर मुलांचे स्वरयंत्र निर्दोष असते. भाषा कानी न पडल्यामुळे ती बोलत नाहीत. भाषा आत्मसात करण्यास मेंदू पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक तयार असतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत निदान, श्रवणयंत्र व वाचाप्रशिक्षण या सोयी आहेत. श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही, अशा तीव्र बहिरेपणात शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसविता येते. तथापि यंत्र बसविले म्हणजे मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागेल, ही अपेक्षा निराशा पदरी आणते. मूल प्रथम यंत्र ओढून काढते. तेव्हा थोड्या थोड्या वेळापासून आरंभ करून ते जागेपणी सतत वापरण्याची सवय लावावी लागते.

खरे प्रशिक्षण घरातच होते. भाकरी थापताना, आंघोळ घालताना, दिवा लावताना जे चालले असेल ते मुलासमोर बसून, चेहऱ्यावर उजेड राहील अशा बेताने, नेहमीच्या आवाजात सांगत राहावे. ओरडून बोलल्याने ओठांची ठेवण बिघडते व शब्द अधिकच दुर्बोध होतात. खाणाखुणांची भाषा शिकल्याने मूल बोलणार नाही, ही भीतीही अनेक पालकांना वाटते. तिला आधार नाही. भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतःचे व्याकरण असून तिच्या संशोधनासाठी २०१५ साली दिल्ली येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. यंत्राचा लाभ न झालेल्या मुलाला तर ही भाषा जितकी लवकर मिळेल, तितके बरे.

कान वाढतो तसा श्रवणयंत्राचा साचा सैल होतो व यंत्र शिटी वाजवू लागते. तेव्हा यंत्र बिघडले असे समजून ते पेटीत ठेवून देऊ नये. नवा साचा करून घ्यावा. पावसाळ्यात ते रात्री ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे.