भगोरियाच्या आठवड्यात साइट रिकामी असते

इंदूरमध्ये सिव्हिलची पदवी घेतलेली मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. प्रश्न बहुधा एकच असतो : कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करावं का, आणि करून हाती काय लागेल? मी ते शिक्षण साइटवर काही वर्षं काढल्यावर घेतलं आणि आजही याच धंद्यात आहे. हाती पुष्कळ लागतं, पण पुस्तकातलं गणित इथल्या मातीत आणि इथल्या माणसांत आणून बसवायची तयारी हवी. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

१. आधी साइट, मग वर्ग

पदवी हातात पडताच पुढच्या वर्गात जाऊन बसू नका. निदान दोन पावसाळे साइटवर काढा. मेजरमेंट बुकात नोंदी करा, ठेकेदाराचं रनिंग बिल तपासा, स्लॅब भरायच्या आधी सळया मोजा. आमच्या वर्गात मुदतवाढीच्या कलमावर चर्चा सुरू झाली की साइटवरून आलेले बोलायचे आणि बाकीचे लिहून घ्यायचे. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा आधी देऊन मग नोकरी धरली तरी वाट बंद होत नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला गेटमधून प्रवेश मिळाला, तर एआयसीटीईकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. घरी पैशाची ओढाताण असेल, तर हा हिशेब आधी मांडा.

२. काळी माती स्वतःच्या हाताने तपासा

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात, हे इथे वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. प्रयोगशाळेत ते मोजून पाहणं वेगळं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती तळाशी बसलेली दिसते. पाण्यातली वर चढलेली असते, कधी कधी दुप्पट. दोन पातळ्यांतला फरक रॉकेलमधल्या मातीच्या किती टक्के, ते काढायचं. आकडा ५०च्या आत असला तर फारशी काळजी नसते. १०० ओलांडला, तर त्या मातीवर साधा उथळ पाया टाकायचा विचार सोडावा.

मग काळी माती उपसून मुरूम भरून कुटायचा, किंवा खालच्या बेसाल्टपर्यंत पाया न्यायचा, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे. व्यवस्थापन शिकणाऱ्याला हे कशाला, असं काही जण विचारतात. मातीचा अहवाल उशिरा आला की पायाचं डिझाइन बदलतं, खोदाईचं माप बदलतं, अंदाजपत्रक बदलतं आणि ठेकेदाराचा पहिला दावा तिथेच उभा राहतो. दाव्यांवरचं अख्खं प्रकरण वाचण्याआधी ही दोन मोजपात्रं पाहून घ्या.

३. कॅलेंडर आपलं भरा

माझ्या मते इथल्या विद्यार्थ्याने शिकायची सर्वांत मोलाची गोष्ट हीच. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या कारखान्यांसाठी घडली. वेळापत्रकाची दुसरी पद्धत, पर्ट, १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी. गणित इथेही तेच लागू पडतं. पण सॉफ्टवेअर उघडलं की त्यात सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, असं कॅलेंडर आधीच भरलेलं असतं, आणि विद्यार्थी ते तसंच ठेवून सुंदर तक्ता छापतात.

इंदूरच्या बांधकामांवर झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे भिल्ल आणि भिलाला मजूर मोठ्या संख्येने असतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडच्या आठवडी बाजारांत भगोरिया भरतो, आणि साइट रिकामी होते. सेंट्रिंगवाले, फिटर, रेजा, सगळे गावी. जादा मजुरीचं आमिष दाखवून कोणी थांबत नाही, आणि थांबवूही नये. वर्षभर राबलेल्या माणसाचा तो हक्काचा सण आहे. शिवाय होळी दरवर्षी सरकते : २०२६ मध्ये ती मार्चच्या सुरुवातीला, २०२७ मध्ये २२ मार्चच्या आसपास. जूनमध्ये पहिली सर आली की हीच माणसं पेरणीला पुन्हा घरी जातात.

आता स्लॅबचं पाहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीपीसी सिमेंट वापरतात, आणि त्यावर निदान दहा दिवस पाणी मारावं असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. भगोरियाच्या आदल्या दिवशी स्लॅब भरला, तर मार्चच्या उन्हात त्यावर पाणी कोण मारणार? म्हणून मी आधी मुकादमाला तारखा विचारतो, त्याच्या दहा-बारा दिवस आधी स्लॅब उरकतो, आणि त्या आठवड्यात वायरिंगच्या पाइपांसारखी थोड्या हातांची कामं ठेवतो. निघण्याआधी सगळ्यांचा हिशेब चुकता करायचा. हिशेब चोख असेल, तर होळीनंतर तीच टोळी तुमच्याकडे परत येते.

४. पाळणा नकाशात दाखवा

कॉलमला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत मूल झोपलेलं असतं आणि आई वरच्या मजल्यावर घमेली पोचवत असते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची तरतूद होती. मी म्हणतो, पाच बायका असल्या तरी ती खोली करा. साइटच्या आराखड्यात सिमेंटचं गोदाम जिथे दाखवता, त्याच कागदावर ती दाखवा.

५. गेडीस वाचा

१९१८ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडायची नाही, गल्ली-गल्ली पाहून नेमकं तेवढंच काढायचं, ही त्यांची पद्धत. तो अहवाल वाचून होळकरांच्या राजवाड्यासमोर उभं राहा : खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १९८४च्या आगीत त्याचं फार नुकसान झालं. अशा इमारतीच्या दुरुस्तीत चुना सिमेंटच्या वेगाने चालत नाही, हे वेळापत्रकात धरावंच लागतं.

६. प्रबंधाचा विषय घरापासून बसच्या अंतरावर शोधा

‘भारतातील प्रकल्पांना होणारा विलंब’ असले विषय घेऊन प्रश्नावल्या वाटत फिरू नका. जिथे स्वतः जाऊन मोजता येईल, असं काही घ्या. रेडीमिक्सची गाडी प्लांटवरून निघाल्यापासून दोन तासांत रिकामी व्हायला हवी. शहरातल्या नो-एन्ट्रीमुळे रात्री स्लॅब भरताना ती वेळ किती पाळली जाते, एवढा विषयही पुरतो.

आणखी एक विषय रस्त्यावरच पडलाय. आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक ही साधारण साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २०१३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढायला मान्यता दिली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला, सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. ती बीआरटीएस बांधायला किती पैसे लागले, चालवताना किती, आणि रेलिंग उखडून भंगारात काढताना किती, हा संपूर्ण आयुष्याचा जमाखर्च कोणी विद्यार्थ्याने नीट मांडावा, असं मला मनापासून वाटतं. निविदा आणि मोजमापांचे कागद हाती लागताहेत, तोवर हे काम उरकायला हवं. कोणी घेणार असेल, तर टेप धरायला मी येईन.